आईला, लीड्सहून

लीड्स, ता. १२ ऑक्टोबर

ति. आईस शि. सा. नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, स्वेटर पुरेसे आहेत, खोकला गेला. फोनवर दादा शेजारी असतो म्हणून हे कागदावर. वाचून झालं की देवघराच्या खणात ठेव.

तू विचारलंस, दारूमुळे दादाचं मन असं उदास झालं, की मन असं झालं म्हणून दारू? आई, या प्रश्नात आपलं वर्ष गेलं. उदास माणसाला रात्री प्यायल्यावर हलकं वाटतं, झोप लागते. पण दारूची झोप पहाटे तीनला मोडते, आणि तेव्हा जिवाची जी घालमेल होते ती कालच्यापेक्षा जास्त असते. सकाळी हात थरथरतात, त्यावर पुन्हा दारू. "आधी दारू सोड, मग मनाचं बघू" असं सांगून परत पाठवतात तिथे माणूस मधल्यामध्ये अडकतो. दोन्हीवर उपचार एकाच वेळी हवेत, जमेल तर एकाच ठिकाणी.

आता माळेचं. कार्तिकीला त्याला माळ घालायची हे मला मनापासून आवडलं, पण त्या दिवशी एकदम दारू बंद करू नका. आणि कोंडून तर मुळीच नको. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. इथे आठवड्याला ११२ ग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगतात. दादाचे ते दोन दिवसांत होतात. इतकी सवय झालेल्या शरीराची दारू अचानक तोडली की सहा ते बारा तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होऊ शकतो. अंगावर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. आपल्याकडे त्याला "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि देवऋषी बोलावतात. त्यात जीव जातो गं. तेव्हा थेट दवाखाना. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी गोळी देऊन आठवडाभरात हळूहळू कमी करतात, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. शक्ती यावी म्हणून ग्लुकोजच्या बाटलीचा हट्ट धरू नका; बी-१ आधी, निदान सोबत तरी. ते कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे आठ-दहा दिवस पार पडले की माळ खुशाल घाला.

मामीने दिलेली आमटीत कालवायची पावडर परत कर. तिच्यात काय आहे ते लिहिलेलंच नसतं. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, असेल आणि तो वर प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती गोळी माणसाने स्वतः होकार देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची.

साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्यात १९८६ पासून तसंच मुक्तांगण. आधी फोन करून विचार. डॉक्टरांना एक गोष्ट नक्की सांग: बारावीनंतर सहा महिने तो खोलीबाहेर आला नव्हता, आणि तेव्हा त्याने दारूला हातही लावला नव्हता. एरवी दारू थांबल्यावर तीन-चार आठवडे उदासी उतरते का ते पाहतात; आधीचा असा इतिहास असला की उदासीवरचं औषध लवकर सुरू करण्याचा विचार करतात. त्या औषधाचा गुण यायलाही दोन ते चार आठवडे लागतात, तोवर "फरक नाही" म्हणून बंद करू नका.

बाबांच्या झोपेच्या गोळ्या कपाटात कुलपात ठेव. दारूवर त्या पडल्या तर श्वास मंदावतो. गोठ्यातलं तणनाशक, फवारणीचं औषध काकांच्या घरी हलव. "जगू नये असं वाटतं का" असं त्याला सरळ विचार, विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, आणि १४४१६ लावा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा, दिवसरात्र, मराठीत.

इथली एक पद्धत तुला अजब वाटेल. हेरॉइनच्या व्यसनातले लोक सकाळी केमिस्टकडे येतात आणि मेथाडोन, म्हणजे हेरॉइनऐवजी देतात ते हिरवं पातळ औषध, त्याच्या डोळ्यांसमोर पितात. १ मिलीत १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅमला ६० मिली, चहाच्या अर्ध्या कपाएवढं. मग पाण्याचा घोट घ्यायचा आणि दोन शब्द बोलायचे, म्हणजे औषध तोंडात धरून विकायला नेलेलं नाही हे कळतं. लागोपाठ तीन दिवस चुकले तर नेहमीचा डोस थांबवून पुन्हा तपासणी होते, कारण सवय उतरलेली असते आणि जुनाच डोस जीव घेऊ शकतो. सरकारी खर्चाने व्यसनी माणसाला असं औषध पाजतात हे बाबांना पटणार नाही. पण रोज समोर येणारा माणूस आंघोळ करून आला नाही, वाळला, एकटाच बोलतोय, हे त्या काउंटरवर आधी दिसतं आणि डॉक्टरांना कळवता येतं. दादाला असं रोज बघणारं कुणी हवं.

लांबून शिकवते म्हणतेस. शिकवत नाही गं. मामांना सांग, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूमुळे होणाऱ्या मनाच्या अवस्था आजारातच धरल्या आहेत आणि डॉक्टरांनी ते गुप्त ठेवायचं असतं. गावभर होणार नाही.

पैसे ६० हजार टाकलेत, उपचारालाच वापर, ट्रॅक्टरच्या हप्त्याचं मी वेगळं बघते. आणि दिवाळीनंतर मुलीकडचे येणार ते पुढे ढकल. बायको आली की सुधारेल म्हणून त्या मुलीला काही न सांगता घरात आणायचं नाही. काकू रागावतील, माझ्यावर ढकल. मी इथे आहे, मला चालतं.

डिसेंबरात सुट्टी मिळत नाही, मार्चचं तिकीट बघते आहे. भाऊबीजेला ताट तयार ठेव आणि व्हिडिओ लाव; मी इथून ओवाळीन. त्याला सांग, ओवाळणी नको, फक्त त्या वेळेला घरी थांब.

बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई