आपल्याच फोनवर ॲप टाकायला परवानगी कुणाची?

महोदय,

माझ्या भावाने वडिलांसाठी एक छोटं ॲप लिहिलं आहे. वडिलांना अंधुक दिसतं. ॲप उघडलं की पडद्यावर फक्त चार मोठे चौकोन येतात, प्रत्येकात घरातल्या एकेकाचा चेहरा. चेहऱ्यावर बोट ठेवलं की नाव मोठ्याने ऐकू येतं आणि फोन लागतो. हे ॲप कुठल्याही स्टोअरवर नाही, ठेवायची गरजही नाही. भावाने फाइल पाठवली, फोनने धोक्याची सूचना दाखवली, ती वाचून मी 'इन्स्टॉल' दाबलं. झालं. यात तिसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही.

गूगलने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलेला नियम नेमका इथे आडवा येतो. प्रमाणित, म्हणजे गूगलची मान्यता असलेल्या अँड्रॉइड फोनवर ॲप कुठूनही घेतलेलं असो, ते बनवणाऱ्याने आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली असली पाहिजे. सुरुवात सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग २०२७पासून इतरत्र टप्प्याटप्प्याने. विरोध झाल्यावर नोव्हेंबर २०२५मध्ये कंपनी थोडी नरमली. विद्यार्थी आणि हौशी मंडळींना मोजक्या फोनांपुरतं वेगळं खातं मिळेल आणि जाणकारांना धोका पत्करून पुढे जाता येईल अशी वाट ठेवू, असं तिने सांगितलं. भावाचं काम त्यात कदाचित भागेल. पण विकत घेतलेल्या फोनवर काय चालवायचं हे विचारायला कंपनीच्या दारात जावं लागणं, हेच मला मान्य नाही.

स्टोअरबाहेरून असं थेट ॲप टाकण्याला 'साइडलोडिंग' म्हणतात तेही मला खटकतं. संगणकावर आपण वर्षानुवर्षं हवी ती फाइल घेऊन प्रोग्राम टाकत आलो, त्याला कुणी वेगळं नाव दिलं नाही. फोनवर तेच केलं की मागच्या दाराने आल्यासारखं वाटावं, असा हा शब्द आहे.

फसवणुकीचा मुद्दा खोटा नाही. फोन करून घाबरवायचं, बँकेच्या नावाचं बनावट ॲप टाकायला लावायचं आणि खातं रिकामं करायचं, हे रोज घडतं. इंटरनेटवरून थेट घेतलेल्या ॲप्समध्ये प्ले स्टोअरपेक्षा ५० पटींहून जास्त घातक सॉफ्टवेअर सापडतं, असं गूगलचं म्हणणं आहे. पण ओळख तपासणं म्हणजे ॲप तपासणं नव्हे. नकळत पैशाच्या सेवा चालू करणारं 'जोकर' हे घातक सॉफ्टवेअर २०१७पासून पुन्हा पुन्हा शिरत राहिलं ते खुद्द प्ले स्टोअरमध्येच.

दुसरीकडे एफ-ड्रॉइडसारखी जागा पाहा. २०१०पासून चालू असलेल्या अँड्रॉइड ॲप्सच्या या भांडारात फक्त मुक्त स्रोत ॲप्स मिळतात. ॲपचा मूळ कोड उघड असतो आणि सहसा त्याच कोडपासून ॲप तिथे बांधलं जातं. खातं उघडावं लागत नाही. एखादं ॲप माग काढणारं असेल तर तसा शेरा त्याच्या पानावरच असतो. मी नोंदवहीचं ॲप तिथूनच घेतलं. त्याने इंटरनेटची परवानगीच मागितलेली नाही, त्यामुळे माझं लिखाण ते परस्पर कुठे पाठवू शकत नाही. एफ-ड्रॉइडने सप्टेंबर २०२५मध्ये स्पष्ट सांगितलं की, ॲप लिहिणाऱ्यांवर गूगलकडे नोंदणीची सक्ती आम्ही करू शकत नाही आणि हा नियम आला तर आमचं काम आजच्या रूपात टिकणार नाही.

'मग ग्राफीनओएस वापरा,' असा सल्ला मिळतो. अँड्रॉइडवरच बेतलेली पण गूगलच्या सेवांशिवाय चालणारी ही फोनची प्रणाली उत्तम आहे, मी स्वतः वापरतो. ती प्रमाणित नसल्याने हा नियम तिला थेट लागूही होत नाही. पण ती चालते गूगलच्याच पिक्सेल फोनवर. शिवाय माझ्या बँकेचं ॲप तिच्यावर 'हे उपकरण सुरक्षित नाही' म्हणत उघडतच नाही. कपाटातल्या जुन्या फोनला कित्येक वर्षांत सुरक्षेचा अपडेट मिळालेला नाही, त्यावर मात्र तेच ॲप सुरळीत चालतं. सुरक्षा मोजली जात नाही, फक्त शिक्का पाहिला जातो. आणि घरातल्या सगळ्यांना मी प्रणाली बदलून देऊ शकत नाही.

एकच दरवाजा असला की दबाव आणणाऱ्यालाही एकच दार ठोठवावं लागतं. सप्टेंबर २०२१मध्ये रशियातल्या निवडणुकीच्या तोंडावर सरकारच्या दबावामुळे ॲपल आणि गूगल या दोघांनीही विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नींच्या गटाचं मतदारांसाठीचं ॲप आपापल्या स्टोअरमधून काढलं. अँड्रॉइडवर निदान फाइल थेट घेऊन टाकायची सोय होती, आयफोनवर तीही नव्हती. युरोपीय कायद्यामुळे मार्च २०२४पासून तिथे आयफोनवर इतर स्टोअर आली खरी, पण त्यांतलं प्रत्येक ॲपसुद्धा आधी ॲपलच्या तपासणीतून जातं.

गूगलने ताकीद हवी तितकी कडक करावी. सूचना मोठ्या अक्षरांत द्यावी, पुन्हा पासवर्ड मागावा, फोनवर बोलणं चालू असताना इन्स्टॉल होऊच देऊ नये. वडिलांच्या फोनवर हे सगळं असावं, असं मलाच वाटतं. मात्र शेवटचं 'हो' फोनच्या मालकाचं असावं. ते फोनच्या सेटिंगमध्येच देता यावं आणि त्यासाठी कुणाच्या नोंदवहीत नाव असण्याची अट नसावी.

– एक वाचक