तात्पर्याच्या रकान्यात शून्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात ठाण्यात शाळकरी मुलांची एक कथाकथन स्पर्धा झाली. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असाच गुणतक्ता मी आजवर अनेक ठिकाणी पाहिला आहे. माझा नातू सहावीत आहे. त्याला उच्चार, हावभाव आणि सादरीकरण या रकान्यांत भरपूर गुण पडले. ‘विषयाची निवड’ला दहापैकी दोन. ‘तात्पर्य’ला शून्य. खाली लाल शाईत शेरा होता : ‘कार्टूनची गोष्ट. बोध नाही.’

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. मुलांना गोष्टी सांगितल्या आणि त्यांच्याकडून वदवूनही घेतल्या. गुण कमी पडले याचं दुःख त्या पोराने दोन दिवसांत गिळलं, पण तो शेरा माझ्या मनातून जात नाही. म्हणून हे पत्र.

गोष्ट कोणती ते आधी सांगते. अमेरिकेत १९९२ मध्ये बॅटमॅनची, म्हणजे मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्या नायकाची, एक कार्टून मालिका सुरू झाली. तिच्यातला ‘ऑलमोस्ट गॉट इम’ (म्हणजे ‘जवळजवळ सापडलाच होता’) नावाचा भाग १० नोव्हेंबर १९९२ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक एरिक रॅडोम्स्की. सगळा मिळून बावीसेक मिनिटांचा. आमच्याकडे मुलाने तो लॅपटॉपवर लावला होता आणि मी आत मेथी निवडत होते. बापलेक एकदम खो खो हसले, म्हणून बाहेर आले. नातू म्हणाला, “आजी, इथून नाही कळणार. पहिल्यापासून बघ.” त्याने तो परत सुरुवातीपासून लावला. तेव्हाच मला वाटलं, या मुलाला गोष्ट म्हणजे काय ते कळलंय. हशा कुठे आहे ते दाखवून उपयोग नसतो, तिथपर्यंत चालतच जावं लागतं.

या मालिकेची पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवलेली असत. त्यामुळे सुरुवातीला पडद्यावर अंधारच जास्त. एका अड्ड्यावर पत्त्यांचा डाव पडलाय आणि टेबलाभोवती बॅटमॅनचे पाच वैरी बसलेत : जोकर, पेंग्विन, टू-फेस, किलर क्रॉक आणि पॉयझन आयव्ही. बोलता बोलता विषय निघतो की बॅटमॅनला मारायच्या सगळ्यात जवळ कोण पोचलं होतं. मग प्रत्येक जण आपापली गोष्ट सांगतो. गोष्टीच्या पोटात गोष्ट. आपल्याकडे वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून हेच करतो, आणि ‘चांदोबा’ वाचत वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. नातवाला मी वेताळाचं नाव घेतलं तर तो म्हणाला, “म्हणजे इथे पाच वेताळ आहेत.”

आता या गोष्टींची गंमत पाहा. आयव्ही विषारी वायू भरलेले भोपळे ठेवते. टू-फेस बॅटमॅनला एका अवाढव्य नाण्याला बांधून ते हवेत उडवतो, छापा पडो की काटा, मरण ठरलेलं. पेंग्विन त्याला पक्ष्यांच्या प्रचंड पिंजऱ्यात कोंडतो आणि विषात बुडवलेल्या चोचींचे इवले पक्षी अंगावर सोडतो. जोकर टीव्हीचा कार्यक्रम ताब्यात घेऊन त्याला विजेच्या खुर्चीत बसवतो, आणि प्रेक्षक हसतील तेवढी वीज वाढणार असते. नातवाने मला विचारलं, “आजी, हे सरळ गोळी का घालत नाहीत?” मी त्याला उलट विचारलं, हिरण्यकश्यपूने काय केलं? प्रल्हादाला कड्यावरून ढकललं, हत्तीच्या पायी दिलं, आगीत बसवलं. कीर्तनाला बसलेल्या शेवटच्या म्हातारीलाही ठाऊक असतं की प्रल्हाद वाचणार. तरी कडा आला की ती पदर तोंडाशी नेते. वाचेल की नाही हा प्रश्नच नसतो, कसा वाचेल हा असतो. बॅटमॅनचंही तेच. सांगणारे स्वतःच सांगताहेत की तो निसटला, म्हणून तर नावात ‘ऑलमोस्ट’, म्हणजे ‘थोडक्यात’.

मग मध्येच क्रॉकची पाळी येते. हा मगरीसारख्या कातडीचा, धिप्पाड, डोक्याने मंद. आधीच्या दोन लांबलचक, कल्पक गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. क्रॉक सुरुवात करतो : मी एका दगडाच्या खाणीत दडून बसलो होतो, बॅटमॅन हुंगत हुंगत आला, जवळ येत होता, अजून जवळ... सगळे पुढे झुकतात. आणि क्रॉक म्हणतो की मी त्याला एक दगड फेकून मारला. सगळे गप्प. त्यावर तो स्वतःच्या बचावाला म्हणतो की दगड मोठा होता.

एवढंच आहे. पण हे एवढंच उभं करायला काय काय लागलं? आधीचे भोपळे लागले, ते नाणं लागलं. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत चिमणी “थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे”, “थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे” म्हणत राहते, तेव्हा ऐकणाऱ्या मुलाच्या कानात एक चाल बसते. ती चाल बसली, की मोडता येते. नुसत्या दगडाला कोण हसेल? सगळे वैरी कथेच्या रिवाजाप्रमाणे वागत असताना एकच जण साधासुधा उपाय करतो आणि तोच हास्यास्पद ठरतो. नातवाच्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर त्याला तिथे मिळालं. तो ओरडलाच, “हा बघ, याने सरळ मारला!”

स्पर्धेसाठी ही गोष्ट मराठीत आणायचं त्याने ठरवलं. त्या पंधरवड्यात आमच्या घरात जी भाषेची मेहनत झाली, ती मला परीक्षकांना दाखवता आली असती तर बरं झालं असतं. त्याने पहिल्यांदा म्हटलं, “दगड मोठा होता.” सपाट पडलं. मग “मोठा होता दगड.” जरा बरं, पण शेवटी ‘दगड’ आला की जीभ तिथेच आपटते. चार दिवस तो जिन्यात, गच्चीवर, टीएमटीच्या बसमध्ये तेच पुटपुटत होता. एका संध्याकाळी तलावपाळीला बाकावर बसलो असताना म्हणाला, “आजी, दगड शब्दच नको. तो आधी येऊन गेलाय.” आणि मान खाली घालून, ओशाळल्यासारखं म्हणाला, “चांगला मोठा होता.” शेजारच्या बाकावरचे अनोळखी गृहस्थ हसले. त्यांनी आधीचं काही ऐकलेलं नव्हतं, नुसता सूर ऐकला होता. त्याआधी किती थांबायचं हेही त्याचं त्यानेच ठरवलं : मनात तीनपर्यंत मोजायचं. दोनवर बोललं तर हसू पिकत नाही, चारवर बोललं तर पोरगं वाक्य विसरलं असं लोकांना वाटतं.

एका बाबतीत मात्र मी त्याला अडवलं. क्रॉकला त्याने आधी गावाकडची बोली दिली होती. मी म्हटलं, मूर्ख माणूस दाखवायला कुणाची बोली उसनी घ्यायची नाही. मग त्याने नुसता आवाज जड आणि संथ केला. मालिकेत बॅटमॅनला आवाज देणारे केविन कॉनरॉय बॅटमॅनसाठी एक आणि मुखवट्यामागच्या ब्रूस वेनसाठी दुसरा आवाज लावत. ते गेले तो दिवस १० नोव्हेंबर २०२२, म्हणजे या भागाला बरोबर ३० वर्षं झाली तो दिवस. हे सांगताना माझ्या मुलाचाही आवाज बदलला होता. त्यांचं उदाहरण पोरासमोर होतं, आणि इथे पाच पात्रं एकट्याने बोलायची होती.

शेवट अजून सांगितलेला नाही. जोकर फुशारकी मारतो की बॅटमॅनला सोडवायला आलेली कॅटवुमन आपल्या ताब्यात आहे आणि तिला कुठे, कसं मारणार तेही सांगून टाकतो. तेव्हा क्रॉक उठतो. तो क्रॉक नसतोच. वेष पालटून बॅटमॅन त्यांच्यातच पत्ते खेळत बसलेला असतो, आणि अड्ड्यावरची गिऱ्हाइकं म्हणजे सगळे पोलीस. म्हणजे तो दगडाचा किस्सा कुणी सांगितला? जो एरवी कधी हसत नाही त्याने. आपण हसलो, टेबलावरचे वैरीही त्याला खुळ्यात काढून मोकळे झाले, आणि त्याच क्षणी क्रॉककडे कुणी नीट पाहिनासं झालं. ज्याला हसलो त्याचा संशय घ्यायचं राहून जातं. तमाशातला सोंगाड्या राजासमोर राजाचीच फजिती करून सुखरूप सुटतो तो याच जोरावर. हसू हाच त्या गोष्टीतला वेषपालट आहे. दुसऱ्यांदा पाहताना दगडाच्या वाक्याला माझ्या अंगावर काटा आला, आणि वाक्य तेच होतं.

अगदी शेवटी कॅटवुमन बॅटमॅनशी जरा मनातलं बोलू पाहते. क्षणभर तिची नजर वळते आणि तेवढ्यात तो नाहीसा. तीही तेच म्हणते जे सगळे वैरी म्हणत होते : ‘ऑलमोस्ट गॉट इम’. नातवाने भागाच्या नावासाठी ‘थोडक्यात वाचला’, ‘थोडक्यात निसटला’ असं सगळं करून पाहिलं. पण ‘वाचला’ कॅटवुमनच्या तोंडी बसेना. शेवटी त्याला ‘थोडक्यात हुकला’ सापडलं. नेमही हुकतो, गाडीही हुकते, माणूसही हुकतो. वैऱ्यांच्या तोंडी ते एक आणि तिच्या तोंडी अगदी दुसरंच. सहावीतल्या मुलाने मराठीतलं एक क्रियापद असं हातात घेऊन फिरवून पाहिलं, आणि विषयाच्या निवडीला दोन गुण!

सभागृहात काय झालं तेही सांगायला हवं. “चांगला मोठा होता”ला शंभरएक माणसं हसली. क्रॉकचा मुखवटा उतरला तेव्हा मागच्या रांगेतून एका मुलाचं स्पष्ट “आयला!” ऐकू आलं. गोष्ट संपल्यावर परीक्षकांनी माइक घेऊन विचारलं, “मग यातून आपण काय शिकलो?” माझा नातू गोंधळला. तो खरोखर विचार करत उभा राहिला, कारण त्याला प्रश्न मनापासून विचारला आहे असं वाटलं. काही सुचलं नाही, तेव्हा “धन्यवाद” म्हणून खाली उतरला.

परीक्षकांची काळजी मी समजू शकते. मुलं पडद्याला चिकटलेली असतात आणि मराठी वाचत नाहीत, हे मलाही सलतं. पण पडद्यावर पाहिलेलं जो मुलगा आपल्या भाषेत, आपल्या तोंडाने, शंभर माणसांना सांगतो, तो पडद्यापासून उठून आलेला असतो. गोष्ट परकी म्हणाल, तर आपलं पंचतंत्र पहलवी आणि अरबी भाषांतून थेट युरोपात गेलं. तिथे ते कुणी परकं म्हणून परत पाठवलं नाही. मिरासदार, शंकर पाटील आणि माडगूळकर गावोगाव कथाकथनाला जात, तेव्हा लोक बोध मागायला जमत नसत.

आणि तात्पर्याने गोष्टीचं नुकसान होतं, हे मी वर्गात पाहिलं आहे. हिरकणीची गोष्ट घ्या. रात्रीचा अंधार, रायगडाचा कडा, खाली घरी तान्हं बाळ. मूल ती सांगताना श्रोत्यांचे हात गार पडायला हवेत. पण स्पर्धेतली मुलं कडा दोन वाक्यांत उतरतात, कारण त्यांना ‘म्हणून आईचं प्रेम श्रेष्ठ’ या वाक्याशी वेळेत पोचायचं असतं. गुण तिथे आहेत हे त्यांना माहीत असतं. मीही अनेक वर्षं मुलांकडून हेच करून घेतलं आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

स्पर्धा भरवणाऱ्या सर्व संस्थांना माझी आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे की गुणतक्त्यातला तात्पर्याचा रकाना काढून टाकावा. त्या जागी श्रोते कुठे हसले, कुठे गप्प झाले, याची नोंद परीक्षकांनी करावी. त्यासाठी परीक्षकांना कागदावरून मान वर करून सभागृहाकडे पाहावं लागेल. गोष्ट कुठली घ्यावी हे मुलावर सोडावं. शेरा लिहायचाच असेल, तर मुलाने पुढच्या वेळी काय करून पाहावं ते लिहावं.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका संस्थेची स्पर्धा आहे. तिचा अर्ज नातवाने कालच भरला. गोष्टीच्या नावापुढे त्याने ‘थोडक्यात हुकला’ असंच लिहिलं आहे. त्याही अर्जात खाली ‘तात्पर्य’ म्हणून दोन ओळींची जागा सोडलेली आहे. तिथे काय लिहू, असं त्याने मला विचारलं. ती जागा मी त्याला कोरी ठेवायला सांगितली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे (प.)