आधी ऑपरेटरला विचारा, मग सेन्सर बसवा

महोदय,

भोसरी-चाकण पट्ट्यातील लहान कारखान्यांत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांवर, ‘लाइट कर्टन’ (किरणांचे सुरक्षा पडदे) बसवले जात आहेत, हे चांगलेच आहे. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) आणि ऑपरेटर यांच्यामधील अदृश्य किरण हाताने अडताच प्रेस थांबावा, ही त्यामागची कल्पना. मात्र जुन्या की-क्लच पद्धतीच्या प्रेसमध्ये एकदा सुटलेला स्ट्रोक, म्हणजे प्रेसची खाली-वर फेरी, मध्येच थांबवता येत नाही. अशा यंत्रावर पडदा बसवणे म्हणजे तपासणी अधिकाऱ्याला दाखवण्यापुरती सोय.

यंत्र योग्य असले तरी प्रश्न संपत नाही. प्रत्येक खोळंब्याने नग कमी निघतात, शिफ्टचे टार्गेट मात्र जुनेच राहते. मग दोन्ही हात साच्यापासून दूर राहावेत म्हणून दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकात पाचर ठोकली जाते किंवा सेन्सर बायपास केला जातो. याला कामगाराचा निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ती पाचर त्याच्या हाती टार्गेटनेच दिलेली असते.

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापनाचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती बंधनकारक झाली. प्रेस शॉपमध्ये निदान एवढे तरी व्हावे: नवे उपकरण बसवण्याआधी ऑपरेटरसह लेखी मूल्यमापन करावे, त्यानुसार टार्गेट बदलावे आणि काही महिन्यांनी पाचर पुन्हा दिसते का, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने पूर्वसूचना न देता पाहावे.

– एक निवृत्त टूलरूम कामगार, भोसरी