शोकनायक कोणाला म्हणावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील हौशी कलावंतांनी केलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाच्या प्रयोगाचे परीक्षण आपल्या अंकात वाचले. गायनाविषयीची मते पटली. मात्र वकील सुधाकर ‘शोकनायक’, त्याची पत्नी सिंधू ‘शोकनायिका’ आणि त्याला दारूची वाट दाखवणारा तळीराम ‘खलनायक’ अशी जी सरसकट वाटणी तेथे केली आहे, तिच्याविषयी लिहिणे भाग आहे.

ॲरिस्टॉटलच्या मते शोकात्मिकेचा नायक पूर्ण सज्जनही नसतो आणि दुष्टही नसतो. हातून घडलेल्या ‘हमार्शिया’मुळे तो सुस्थितीतून दुर्दशेत जातो. या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. परीक्षणकारांनी त्याचा अर्थ ‘स्वभावदोष’ असा घेऊन दारूचे व्यसन हाच सुधाकराचा दोष ठरवला आहे. वस्तुतः व्यसन हा पुढचा परिणाम झाला. वकिलीची सनद तहकूब झाल्याचा अपमान विसरण्यापुरता एक प्याला घेतला तर काय बिघडते, असे एका बुद्धिमान वकिलाला वाटावे, ही खरी चूक असून तिला ‘प्रमाद’ हाच शब्द नेमका बसतो. सुधाकराच्या मानी स्वभावाने त्या चुकीला खतपाणी घातले, इतकेच.

निष्कलंक व्यक्तीवर कोसळलेली आपत्ती भीती वा करुणा न जागवता केवळ उद्वेग आणते, असे ॲरिस्टॉटल सांगतो. त्या कसोटीवर सिंधू शोकनायिका ठरत नाही. (माहेरची मदत नाकारण्याचा हट्ट हाच तिचा प्रमाद, असे माझ्या वर्गातील मुली हिरिरीने मांडत, आणि तो मुद्दा मला कधीच पुरता खोडता आला नाही.) तळीराम तर स्वतःच दारूच्या आहारी गेलेला, त्याला खलनायक म्हणण्यात काय हशील?

आपल्याकडील धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत हे नायकभेद स्वभाव सांगतात, पतनाचा मार्ग सांगत नाहीत. दहिकाल्यातले, म्हणजे कोकणातल्या दशावतारी नाटकातले, राजपार्ट आणि स्त्रीपार्ट हे शब्द तर नटाच्या वाट्याला आलेले काम तेवढे दाखवतात. म्हणून प्रमादासारखी संज्ञा जपून वापरायला हवी. देवगड तालुक्यात जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७ सालीच मराठीत आणले आहे. परीक्षणकारांनी ते एकदा चाळावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, देवगड