काकांना हेडसेट लावण्याआधी

प्रिय संज्या,

काकांसाठी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावला की आपण त्या व्हिडिओतच आहोत असं वाटतं, तो) घेऊ का असं विचारलंस, दोन ओळींच्या मेसेजमध्ये भागणार नाही म्हणून पत्रच लिहितोय. आधी एक सांगतो, त्याने गेलेली आठवण परत येत नाही रे. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस सुरुवातीलाच खराब व्हायला लागतो, नवीन आठवण पक्की व्हायला तोच लागतो, म्हणून काका सकाळचं विसरतात पण लहानपणचं घर त्यांना आठवतं. व्हीआरचा उपयोग आहे तो या जुन्या गोष्टींपर्यंत पोचायला.

आईच्या वेळी मी पहिल्यांदा फार मोठी चूक केली. काही न सांगता मागून हेडसेट चढवला, दोन सेकंद नुसता अंधार, आणि ती एवढी घाबरली की तिची नखं माझ्या मनगटात रुतली. आठवडाभर तो डबा कपाटात पडून होता. मग परत सुरुवात केली तेव्हा तोच समुद्राचा व्हिडिओ आधी टॅबवर दाखवला, हेडसेट तिच्या हातात दिला, ती बराच वेळ उलटसुलट करून बघत बसली आणि मग तिनेच तो डोळ्यांना टेकवला, पट्टा मी बांधलाच नाही. आणि अरे, लाट आली तसे तिने दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले! "भिजतील ना," म्हणाली. कित्येक दिवसांत ती आपणहून काही बोलली नव्हती. मग मामाचा विषय निघाला, तो पाण्याला कसा घाबरायचा ते निघालं. तिला दिसत होतं तेच मी टॅबवर बघत होतो म्हणून मला "मग पुढे काय झालं?" असं विचारता आलं. हेडसेट लावून आपण दुसऱ्या खोलीत गेलो तर काहीच उपयोग नाही, खरं काम त्या गप्पांचंच आहे.

काकांना हात असलेल्या खुर्चीत बसव, पाच-सात मिनिटं पुरे, काढ म्हणाले की लगेच काढ. कॅमेरा पुढे पुढे सरकतोय असा व्हिडिओ नको, कारण डोळे म्हणतात चाललोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय, त्यात मळमळतं. फिट येत असेल किंवा भास होत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि तू स्वतः पण लावून बघ. अल्झायमर्स रिसर्च यूके या ब्रिटनमधल्या संस्थेने 2016 मध्ये 'अ वॉक थ्रू डिमेन्शिया' नावाचं अ‍ॅप काढलं होतं, त्यात दुकानात, रस्त्यावर आणि घरात डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना कसं वाटतं ते त्यांच्या नजरेतून दाखवलंय. ते बघितल्यावर आई दारातल्या काळ्या पायपुसण्यावर पाय का ठेवत नाही हे माझ्या डोक्यात आलं, तिला तिथं खड्डा दिसत असणार, आणि मी रोज तिच्यावर ओरडत होतो रे. त्याच दिवशी काढून टाकलं ते.

विकत घ्यायची घाई करू नकोस, शनिवारी माझाच घेऊन येतो. तोवर काकांना कुठं जावंसं वाटतं ते गप्पांमधून हळूच काढून ठेव.

तुझाच,
बाळ्या