फिशटँकचं पाणी नितळ दिसतंय म्हणून फसू नका

मा. संपादक,

परवाच्या पुरवणीत घरातला फिशटँक कसा सजवायचा यावर पानभर छापलंत, फोटो मस्तच, पण पाणी तपासण्याबद्दल एक ओळ नाही आणि नवीन टाकीत खरी गोम तिथेच आहे म्हणून लिहितोय.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या हट्टापायी ४० लिटरची टाकी आणली. दुकानदाराने फिल्टर, खाद्य, ४ गोल्डफिश सगळं एकाच फेरीत गळ्यात मारलं, म्हणाला घरी जाऊन पाणी भरा, अँटीक्लोरीन टाका, अर्ध्या तासाने मासे सोडा. सोडले. (गोल्डफिशला ४० लिटर म्हणजे खुराडं, हे नंतर कळलं.) पाचव्या दिवशी पाणी पांढुरकं आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. मग आम्ही शहाण्यांनी सगळं पाणी ओतून दिलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली कपडे धुतात तसा पिळून पिळून धुतला, पाणी एकदम नितळ, आणि चार दिवसांत २ मासे गेले.

मग भाचा पाण्यातला विषारी अमोनिया तपासायचा टेस्ट किट घेऊन आला. नळीत ५ मिली पाणी, त्यात थेंब, ५ मिनिटं थांबायचं, पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य. आमचं आधी पोपटी, मग हिरवं. मुलगा रंगाचं कार्ड खिडकीपाशी धरून म्हणाला, बाबा हा २ वाला आहे (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम). ०.२५ दिसलं तरी पाणी बदलायचं असतं!

माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया होतो, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी. दही लागायला एक रात्र पुरते, हे जिवाणू स्पंजमध्ये नि खडीत नीट बसायला ४ ते ६ आठवडे जातात, आणि जे थोडेफार बसले होते ते आम्ही क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढले. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळायचा असतो. त्यात आमच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८ च्या वर, आणि पीएच चढा, पाणी गरम, की तेवढाच अमोनिया जास्त मारक.

त्यानंतर रोज संध्याकाळी टेस्ट, आकडा दिसला की पाव टाकी पाणी बदल, खाद्य अर्ध्यावर. किट थेंबांचा घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. सहाव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. उरलेले दोघे मजेत आहेत.

दुकानदाराला म्हटलं, आज टाकी विका, मासे महिन्याने द्या, नाहीतर निदान किट तरी सोबत द्या, तर म्हणतो गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. त्याचंही खरं असेल. म्हणून म्हणतो, पुढच्या पुरवणीत अमोनियावर चार ओळी तुम्हीच छापा.

— एक वाचक, ठाणे