एका तासात पुरावा तयार होत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निर्वासितांसाठी घरबसल्या कायदेशीर संशोधन करणाऱ्या स्वयंसेवकांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रात आला, याबद्दल आभार. पण शेजारच्या चौकटीत 'फक्त इंटरनेट आणि दिवसाचा एक तास पुरे' असे छापले आहे, ते मागे घ्यावे. स्वयंसेवकाचे टिपण वकील आश्रयाच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडतो. त्यात एक तारीख चुकली तरी अर्जदाराच्या सगळ्या जबाबावरचा विश्वास उडू शकतो.

लेखात अफगाणिस्तानातल्या हजारा या अल्पसंख्य समाजातल्या तरुणाचे उदाहरण आहे, तेच घेऊ. 'अफगाणिस्तानात हजारांची स्थिती काय?' असा प्रश्न आला तर तो वकिलाकडे परत पाठवावा. कामाचा प्रश्न असा असतो: ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानची सत्ता आल्यानंतर गझनी प्रांतातल्या जाघोरी जिल्ह्यात, आधीच्या सरकारच्या सैन्यात असलेल्या हजारा पुरुषांना कोणाकडून त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, तक्रार केल्यास दाद मिळते का, आणि अर्जदार काबूलला जाऊन राहिला तर सुरक्षित राहील का. मग संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचे रेफवर्ल्ड आणि ऑस्ट्रियन रेडक्रॉसचे ईकॉई डॉट नेट या अहवालांच्या संग्रहांत शोध. तिथे पाच अहवालांत एकच घटना दिसते आणि नवखा माणूस 'पाच स्रोतांचा दुजोरा' असे लिहून मोकळा होतो. तळटीपा उघडल्या की पाचही अहवाल एकाच बातमीवरून लिहिल्याचे कळते. तो एकच स्रोत धरायचा. प्रत्येक उताऱ्याखाली प्रकाशक, प्रकाशनाची तारीख, परिच्छेद क्रमांक, पान पाहिल्याची तारीख, आणि पानाची साठवलेली प्रत हवीच, कारण सुनावणी येईपर्यंत पान काढून टाकलेले असू शकते. अर्जदाराच्या विरोधात जाणारी माहितीही द्यायची. ती वकिलाला भर सुनावणीत कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. आणि काहीच सापडले नाही तर 'असे घडत नाही' असे कधीही लिहू नये. कुठे, कोणत्या भाषेत, कोणते शब्द टाकून शोधले, ते लिहावे. दुर्गम जिल्ह्यात घरात कोंडलेल्या बाईची बातमी कोणी छापत नाही.

तारखांचेही तसेच. अफगाण तझकिऱ्यावर, म्हणजे ओळखपत्रावर, अनेकदा जन्मतारीख नसते, 'सन 1385 मध्ये वय 10 वर्षे' एवढेच असते. ही सौर हिजरी साले, नवे वर्ष 21 मार्चच्या सुमारास लागते. इसवी सन काढायला सरसकट 621 मिळवले की जानेवारी ते मार्चमधली घटना एक वर्ष मागे जाते. त्या महिन्यांसाठी 622 मिळवावे लागतात. त्यात 2022 पासून तालिबान प्रशासन चांद्र हिजरी वापरू लागले, त्यामुळे एका कागदावर 1401 आणि दुसऱ्यावर 1444 दिसले तरी काळ एकच असू शकतो. हे ठाऊक नसलेला स्वयंसेवक 'विसंगती' अशी नोंद करतो, आणि तीच नोंद अर्ज फेटाळायला पुरू शकते.

आता लेखाने साफ वगळलेले काम, जे मराठी वाचकच करू शकतो. महाराष्ट्रात एखादा रोहिंग्या पकडला गेला तर प्रथम खबरी अहवाल, पंचनामा, रिमांडचा अर्ज, साक्षीदारांचे जबाब हे सगळे मराठीत असते, तेही पोलिसी मराठीत. दिल्लीतल्या वकिलाला ते वाचता येत नाही. 'सदर इसम बांगला भाषेत बोलत असून तो बांगलादेशी असल्याची खात्री झाली' या वाक्याचे भाषांतर 'त्याने बांगलादेशी असल्याची खात्री दिली' असे झाले की कबुलीच नसलेल्या ठिकाणी कबुली उभी राहते. खात्री झाली ती अंमलदाराची, आणि तीही बोलण्यावरून. म्यानमारमधल्या रोहिंग्यांची बोली बांगलादेशातल्या चितगावच्या बोलीला फार जवळची आहे. ती कानावर पडल्याने कोणी बांगलादेशी ठरत नाही. 'विचारले असता त्याने सांगितले' असे आले की टिपणात लगेच विचारावे: कोणत्या भाषेत विचारले, दुभाषी होता का, त्याची सही कुठे आहे? 'समजून आले', 'निष्पन्न झाले', 'मिळून आला' ही क्रियापदे कर्ता लपवतात. भाषांतरात तो मनाने भरायचा नाही. जिथे मूळ मजकूर मोघम, तिथे भाषांतरही मोघम ठेवून शेजारी टीप द्यायची. आपल्या वाचकांत निवृत्त कोर्ट कारकून आणि दस्तलेखक किती असतील! त्यांना आवाहन का केले नाही?

निवाड्यांबाबतही लेख घाईचा आहे. 'सर्वोच्च न्यायालयाने रोहिंग्यांना परत पाठवायला मुभा दिली' हे वाक्य अपुरे आहे. मोहम्मद सलीमुल्ला प्रकरणातला 8 एप्रिल 2021 चा आदेश अंतरिम होता. विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय परत पाठवू नये, असे त्यातच म्हटले आहे. त्याच वर्षी 3 मे रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे दाद मागण्यासाठी दिल्लीला जाऊ दिले, त्याचा उल्लेखही नाही. आणि 1946 चा परकीय नागरिक कायदा चालू असल्यासारखा सांगितला आहे. त्याची जागा 1 सप्टेंबर 2025 पासून नव्या कायद्याने घेतली. स्वयंसेवकाने आधी प्रकरणाची तारीख पाहावी, मग कलम उद्धृत करावे. मोबाइलमधल्या एआयने सुचवलेला निवाडा मूळ प्रत उघडून वाचल्याशिवाय घेऊ नये. असे निवाडे कित्येकदा अस्तित्वातच नसतात.

गोपनीयतेवर लेखात अवाक्षर नाही. अर्जदाराचे नाव आणि गाव एकत्र टाकून शोधू नये, त्याचा जबाब फुकटच्या ऑनलाइन भाषांतरात चिकटवू नये, खातरजमेसाठी त्याच्या गावात फोन तर मुळीच करू नये. त्या एका फोनने त्याने आश्रय मागितल्याचे गावाला कळते.

आणि म्हणूनच लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल तीव्र नापसंती कळवतो. तरुणाचा चेहरा स्पष्ट, खाली पुण्यातल्या पेठेचे नाव, आणि मजकुरात आई-बहिणी अजून गावी असल्याची माहिती. त्याने होकार दिला असेल, पण तो त्याच्यापुरता. गावातल्या बायकांना कोणी विचारले? कागदावरचे आता परत घेता येणार नाही. संकेतस्थळावरचे छायाचित्र आणि पेठेचे नाव आजच काढावे.

आपला,
एक वाचक, पुणे